सगळं धरून किती? सोलापुरात नव्याने आलेल्यांसाठी पैशाच्या बोलीची ओळख

बदलीवर, शिकायला किंवा लग्न होऊन सोलापुरात आलेल्या माणसाला मराठी येत असते, आकडेही येत असतात, तरी पहिल्या महिन्यात हिशेब जुळत नाही. दरवेळी कोणी फसवलेले असतेच असे नाही. बहुतेक वेळा आकडा नीट ऐकलेला असतो, पण तो कशाचा, कोणत्या मापाचा आणि त्यात काय धरले, काय सोडले, हे विचारायचे राहून गेलेले असते. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. त्या एका दिवसात चढायच्या नाहीत. पहिल्या दोन मात्र भाजी आणायला निघण्यापूर्वी वाचून घ्या.

पायरी १ : सव्वा, दीड, पावणे कानाला लावून घ्या

लक्ष्मी मार्केटात किंवा चाटी गल्लीत 'एकशे पंचवीस' असे कोणी फारसे म्हणत नाही, सव्वाशे म्हणतात. शाळेत हे आकडे शिकवले होते, पण इंग्रजी माध्यमातून आलेल्या पोरांची इथेच दांडी उडते. नियम छोटा आहे. शेवटी जे एकक असेल (शे, हजार, लाख) त्याचा पाव भाग 'सव्वा' वाढवतो आणि 'पावणे' कमी करतो. 'साडे' अर्धा वाढवतो. दीड आणि अडीच हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, 'साडेएक' किंवा 'साडेदोन' म्हटले की माणूस बाहेरचा आहे हे लगेच कळते.

म्हणजे पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, सव्वादोनशे २२५, अडीचशे २५०. एकक बदलले की त्याच शब्दांची रक्कम बदलते: पावणेदोनशे १७५, पावणेदोन हजार १,७५० आणि पावणेदोन लाख १,७५,०००. साडेबाराशे म्हणजे १,२५०. हा आकडा कपड्याच्या दुकानात सारखा कानावर पडतो.

खरी गोम पुढे आहे. बोलणारा एकक गाळतो. चादरीच्या दुकानात 'साडेतीन' म्हणजे साडेतीनशे, जुन्या स्कूटरच्या सौद्यात साडेतीन हजार आणि प्लॉट दाखवणाऱ्या एजंटाच्या तोंडी साडेतीन लाख. तिघेही 'साडेतीन' एवढेच म्हणतात. संशय आला तर आकडा फोडून परत म्हणा: 'म्हणजे तीनशे पन्नास ना?' यात लाजण्यासारखे काही नाही. जुने व्यापारीही सौदा पक्का करताना आकडा दोन्ही रीतींनी म्हणतात.

आण्यांचेही असेच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. चार आण्यांच्या जागी आलेले पंचवीस पैशांचे नाणेही २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. पण बोलण्यातून आणे गेले नाहीत. चार आणे म्हणजे पाव, आठ आणे म्हणजे अर्धा, बारा आणे म्हणजे पाऊण. 'दुकानात त्याचा आठ आण्याचा वाटा आहे' म्हणजे निम्मी भागीदारी. शेतजमिनीच्या जुन्या कागदांवरही हिस्सा आण्यांत लिहिलेला दिसतो. आणि चादर पाठवायचा कुरिअरचा खर्च चादरीपेक्षा जास्त निघाला की काउंटरवरचा माणूस हमखास म्हणणार, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

जिल्ह्याच्या बातम्यांत 'पैसेवारी' किंवा 'आणेवारी' वाचाल. ती बाजाराची नाही, पिकाची आहे. पूर्ण पीक म्हणजे रुपया धरून यंदा किती पैसे पिकले याचा तो सरकारी अंदाज. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी लागली की गावात दुष्काळाची, सवलतींची चर्चा सुरू होते. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात हा शब्द दर एक-दोन वर्षांनी पहिल्या पानावर येतोच.

पायरी २ : 'कशाचे?' हे आधी विचारा

भाजीवाली ओरडते, 'वीस, वीस, वीस!' हे वीस किलोचे नसतात. बहुतेक वेळा पावाचे असतात, म्हणजे पाव किलोचे, आणि किलो ऐंशीला पडतो. संध्याकाळी तेच वीस अर्ध्याचे होतात. पालेभाजी असेल तर वीस एका पेंडीचे, मिरची-आले-लिंबू असेल तर एका वाट्याचे. म्हणून नुसते 'कितीला?' विचारू नका, 'पाव कसा?' किंवा 'किलो कसा?' विचारा. 'कसा दिला, कशी दिली' ही इथली दर विचारायची सरळ रीत आहे, 'कितीला' विचारले की समोरच्या पूर्ण ढिगाची किंमत सांगितली जाऊ शकते.

ज्वारी घेताना जरा सावध राहा. सोलापुरात ज्वारी म्हणजे मालदांडी, त्यातही मंगळवेढ्याची म्हटली की विकणाऱ्याचा आवाज बदलतो. दुकानदार किलोने किंवा क्विंटलने भाव सांगेल, खेडेगावातून आलेला शेतकरी पायलीने सांगेल. पायली हे वजन नाही, माप आहे. चार शेरांची एक पायली, पण तिच्यात किती किलो बसतील हे धान्यावर आणि त्या गावच्या मापावर ठरते. दोघांची तुलना करायची तर पायलीभर ज्वारी काट्यावर ठेवायला सांगा. 'कट्टा' म्हणाले तर तो किती किलोचा, हे विचारल्याशिवाय आकडा ऐकून काही उपयोग नाही.

चादर नगावर विकली जाते, कधी जोडीवर. टॉवेल काही दुकानांत नगावर, काही दुकानांत किलोवर मिळतात. किलोवर घेताना जाड, भरीव टॉवेल महाग पडतो आणि पातळ स्वस्त, त्यामुळे दोन दुकानांची तुलना आकड्यावरून होत नाही, हातात घेऊनच होते. दुकानदार विचारेल, 'भारीतलं दाखवू का चालू?' इथे 'भारी' म्हणजे उत्तम प्रत आणि 'चालू' म्हणजे साधा, रोजच्या वापराचा माल. चालू म्हणजे खराब नव्हे. पाहुण्यांना द्यायला भारी, वसतिगृहात वापरायला चालू, असा सरळ हिशेब आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तिच्या नावावर बाहेरून आलेला मालही विकला जातो, म्हणून भारीची किंमत देत असाल तर 'सोलापूरचीच ना?' विचारून बिलावर तसे लिहून घ्या.

शेंगाची चटणी किलोवर, कडक भाकरी नगावर. रिक्षात 'सीट' आणि 'स्पेशल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिक्षावाला नुसता आकडा सांगेल, तो सीटचा की पूर्ण रिक्षाचा हे बसण्यापूर्वी विचारा, उतरल्यावर विचारलेत तर उत्तर त्याच्या सोयीचे मिळेल. जमिनीचा भाव एकरात, गुंठ्यात किंवा चौरस फुटात सांगतात: चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि १,०८९ चौरस फुटांचा गुंठा. शहराच्या पूर्व भागात राहायला गेलात तर विडीची मजुरी हजारावर बोलली जाते हेही ऐकाल. घरी विड्या वळणाऱ्या बाईला 'रोज किती मिळतात?' विचारले तर ती आधी 'किती वळल्या त्यावर' असेच म्हणणार, कारण तिचा पगार दिवसावर नाही, हजार विड्यांवर आहे.

पायरी ३ : भाव, दर, किंमत, मोल, मूल्य

शब्दकोशात हे पाचही शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात. बाजारात ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

भाव हलतो. तो त्या दिवसाचा, त्या बाजाराचा असतो. म्हणून तो चढतो, उतरतो, पडतो, वधारतो, गडगडतो. हंगामाच्या सुरुवातीला एखाद्या मालाचा पहिला भाव जाहीर झाला की 'भाव फुटला' म्हणतात. हैदराबाद रोडवरचे मार्केट यार्ड कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. तिथे हिवाळ्यात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा शहरातल्या चहाच्या टपरीवरही 'आज काय भाव निघाला?' हाच प्रश्न असतो.

बाजारभावाची बातमी वाचायचीही एक रीत आहे. तिच्यात तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळ्यात बहुधा कमाल येतो. तो निवडक चार पोत्यांना मिळालेला असू शकतो. बहुतेक माल ज्याच्या आसपास विकला गेला तो आकडा सर्वसाधारण. तुम्हाला किरकोळ दुकानात काय पडेल याचा अंदाज बांधायचा असेल तर हाच पाहा, आणि क्विंटलचे किलो करायला शंभराने भागायला विसरू नका.

दर हा ठरवलेला असतो. कोणीतरी तो लिहिलेला असतो. विजेचा दर, व्याजाचा दर, भिंतीवरचे दरपत्रक. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे 'उसाचा दर' हे तर राजकारणच आहे. केंद्र सरकार ठरवते तो रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलमागे ३४० रुपये होता. कारखाना जाहीर करतो ती 'पहिली उचल', म्हणजे पहिल्या हप्त्याची रक्कम. नवखा माणूस पहिली उचल हाच पूर्ण दर समजतो. शेतकऱ्याच्या खात्यावर एफआरपीतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन पैसे येतात, हेही त्याच्या लक्षात येत नाही. 'उचल'चा दुसरा अर्थ मजुराने कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ऊसतोड मजुराच्या तोंडी हा शब्द आला तर तो कर्जाबद्दल बोलतोय, कमाईबद्दल नाही.

वर्तमानपत्रे भाव आणि दर एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण महापालिकेच्या कर्मचाऱ्याला 'पाण्याचा भाव काय?' विचारलेत तर तो हसेल.

किंमत एका वस्तूची असते. ह्या चादरीची किंमत, त्या घराची किंमत. बांधलेल्या मालावरची छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत आहे आणि तिच्यात सगळे कर आलेले असतात. तिच्यावर 'जीएसटी वेगळा' म्हणणाऱ्याला पुडा परत करा. त्याखाली विकायला कोणाची हरकत नसते, आणि छापील किमतीवर सूट मागणे हे इथे वाईट समजले जात नाही.

माणसाला लावताना मात्र हा शब्द जपून वापरा. 'किंमत करणे' म्हणजे सराफाकडे दागिन्याचा अंदाज काढणे. पण 'त्यानं माझी किंमत केली' म्हटले की अपमान केला असा अर्थ. 'किंमत ठेवली नाही' हेही मानाबद्दलच आहे. भाव तसाच: 'भाव देत नाही' म्हणजे विचारत नाही, 'भाव खातो' म्हणजे मिजास करतो.

मोल हा शब्द मला या सगळ्यांत जास्त आवडतो. आज दुकानात तो ऐकू येत नाही, कष्टात ऐकू येतो. मोलमजुरी, मोलकरीण, मोलाने कामाला जाणे. आणि त्याच शब्दाला एक प्रत्यय लागला की मोलाची मदत, मोलाचा सल्ला, म्हणजे जिची मजुरी ठरवता येत नाही ती. कांदा पडला की 'कवडीमोल' आणि 'मातीमोल' हे दोन शब्द रोज छापून येतात. कवडी एकेकाळी खरोखर चलनात होती, ते सगळ्यांत लहान नाणे. फुटकी कवडी तर त्याहून खाली. दुसऱ्याच्या मालाला कवडीमोल म्हणू नका. शेतकऱ्याने स्वतःच्या मालाबद्दल म्हटले तर ती त्याची व्यथा असते, गिऱ्हाइकाने म्हटले तर भांडण होते.

मूल्य कागदावर राहते. नाटकाच्या जाहिरातीत प्रवेशमूल्य, संस्थेच्या कार्यक्रमाला देणगीमूल्य, आरोग्य शिबिराला विनामूल्य. टोमॅटोचे मूल्य विचारणारा माणूस सोलापुरात अजून जन्मायचा आहे. पण एका ठिकाणी हा शब्द खिशापर्यंत येतो: घर किंवा प्लॉट घेताना. सरकारचे वार्षिक मूल्यदर तक्ते असतात, ज्याला सगळे रेडीरेकनर म्हणतात. व्यवहारातली किंमत आणि तक्त्याप्रमाणे निघणारे बाजारमूल्य, यांत जी रक्कम जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मालक 'स्वस्तात देतो' म्हणाला तरी शुल्क स्वस्तात होईलच असे नाही.

दाम हा आता म्हणींतला शब्द. अकबराच्या काळी चाळीस दामांचा रुपया होता. दामदुप्पट मात्र जिवंत आहे, तो शेवटच्या पायरीत येतो.

पायरी ४ : धरून की सोडून?

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून तिला जास्त जागा देतो. सोलापुरी बाजारात सगळ्यांत कामाचे वाक्य एकच: 'सगळं धरून किती पडेल?' यातले 'पडणे' हे क्रियापद नीट ऐका. किंमत सांगितली जाते, भाव लागतो, पण शेवटी जे तुमच्या खिशातून जाते ते 'पडते'. शेजारीण विचारते, 'केवढ्याला पडलं?' तिला दुकानातला आकडा नको असतो, शिलाई, भाडे, हमाली धरून झालेला आकडा हवा असतो.

या फरकाचे सगळ्यांत कडू उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. दर मिळाला किलोला १ रुपया. म्हणजे ५१२ रुपये झाले. त्यातून हमाली, तोलाई, वाहतूक असा ५०९ रुपये ५१ पैसे खर्च वजा झाला, राहिले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात धनादेश पडला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्याची बातमी देशभर गेली. दर १ रुपया होता हे जितके खरे, तितकेच हाती काही आले नाही हेही खरे.

शेतकऱ्याला मिळणाऱ्या या हिशेबाच्या कागदाला 'पट्टी' म्हणतात. घरात किंवा शेजारी कोणी शेती करत असेल तर एकदा पट्टी मागून वाचा. वरच्या ओळीत वजन आणि दर, खाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे अशी वजावट, आणि शेवटी 'निव्वळ'. अडतीचा, म्हणजे अडत्याच्या दलालीचा, नियम बदललेला आहे: २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असते. पट्टीवर तशी वजावट दिसली तर विचारण्याचा हक्क आहे.

तुमच्या रोजच्या व्यवहारात धरून-सोडून कुठे कुठे विचारायचे?

घरभाड्यात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडे घर पाहायला गेलात की भाडे, अनामत आणि मेंटेनन्स हे तीन आकडे वेगळे सांगितले जातील. अनामत, म्हणजे डिपॉझिट, परत मिळायची रक्कम आहे. ती 'परत कधी आणि काय काय कापून' हे करारात लिहून घ्या. करार नोंदवलेला असावा, राज्यात तसा कायदाच आहे. आणि या शहरात भाड्याचा खरा हिशेब पाण्याशिवाय होत नाही. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. म्हणून बोअर आहे का, हौद केवढा आहे, उन्हाळ्यात टँकर लागला तर पैसे कोण देणार, हे विचारा. हजार रुपयांनी कमी भाड्याचे घर टँकर धरून महाग पडलेले पुष्कळांनी पाहिले आहे.

सोन्यात. सराफ कट्ट्यात बोर्डावर लिहिलेला असतो तो सोन्याचा भाव, दागिन्याची किंमत नव्हे. तो २४ कॅरेटचा की २२ चा, हे आधी पाहा. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ चा शिक्का असतो, आणि हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक. भावावर घडणावळ, म्हणजे मजुरी, आणि त्या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. 'तोळा' हा शब्दही विचारून घ्या: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बोलण्यातला तोळा १० ग्रॅमचा. आजीची पाटली 'पाच तोळ्यांची' असेल तर ती कोणत्या तोळ्याची, यावर आठेक ग्रॅमचा फरक पडतो. जुना दागिना देताना जो भाव मिळतो तो मोडीचा. त्यात घडणावळ परत येत नाही आणि घट वजा होते. म्हणून 'घेतला तेवढ्याला जाईल' ही समजूत दुकानाच्या पायरीबाहेरच ठेवा.

मंगल कार्यालय, केटरर, मांडव यांच्या बाबतीत 'ताट कितीला' एवढेच विचारून निघू नका. पाणी, वाढपी, भांडी, लाईट, जनरेटर, सफाई, एकेक नाव घेऊन विचारा. हा धंदा नावे न घेता आकडा सांगण्यावरच चालतो, असे माझे मत आहे.

पायरी ५ : भाव कसा करायचा

आधी माणसाला हाक नीट मारा. भाजीवालीला मावशी किंवा अक्का, मध्यमवयीन दुकानदाराला मामा, तेलुगू किंवा कन्नड घरच्या दुकानदाराला अण्णा, गादीवर बसलेल्याला मालक. 'ओ भय्या' टाळा. सोलापूर तीन-चार भाषांचे गाव आहे. साखर पेठ, अशोक चौकाकडे तेलुगू, बाजारात अनेक ठिकाणी कन्नड, आणि सगळीकडे मराठीत मिसळलेली दख्खनी, म्हणजे इकडची उर्दू बोली. कन्नडमध्ये 'एष्टु' आणि तेलुगूत 'एंत' म्हणजे किती. कन्नड माणूस 'रोक्का' म्हणाला तर तो पैशांबद्दल बोलतोय. आपल्या 'रोख'चा तो भाऊच म्हणायचा. 'चिल्लर' सगळ्यांना कळते. दोन शब्द त्याच्या भाषेतले बोललात तर भाव उतरेलच असे नाही, पण खुर्ची पुढे येईल.

भाव उतरवायचा तर आकडा फेकण्याआधी विचारा, 'काय कमी-जास्त होईल का मामा?' ही सुरुवात कोणाला टोचत नाही. 'शेवटचं सांगा' हे शेवटीच म्हणायचे. त्यानंतर पुन्हा घासाघीस केलीत तर तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. 'एकच भाव' पाटी असलेल्या दुकानात विचारून पाहायला हरकत नाही, एकदाच. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाची 'भवानी' असते, कोणी बोहणी म्हणते. त्या वेळी दुकानदार रिकाम्या हाताने जाऊ देत नाही, दोन रुपये सोडेल. पण भाव करून न घेता निघून जाणे त्या वेळी फार वाईट दिसते. घ्यायचे नसेल तर दुकान उघडताच भाव विचारायला जाऊ नका.

'परवडत नाही' हे दोघेही म्हणतात. दुकानदाराचे 'परवडत नाही' म्हणजे माझा खर्च निघत नाही. तुमचे 'परवडत नाही' म्हणजे एवढ्याची ती वस्तू नाही. खिशात पैसे नाहीत असा त्याचा अर्थ नसतो, त्यामुळे ते म्हणायला कमीपणा वाटून घेऊ नका. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या तोंडी याचाच भाऊबंद शब्द येतो, 'सुटणे': 'आज हजेरीसुद्धा सुटली नाही' म्हणजे दिवसभर राबून रोजाइतकेही मिळाले नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. होम मैदानावरच्या स्टॉलवर सुरुवातीला भाव ताठ असतात, शेवटच्या दिवसांत नरमतात. भांडी आणि खेळणी तेव्हा घ्या. खाण्याच्या पदार्थांत मात्र शेवटचा दिवस पाहू नका.

पायरी ६ : पैसे देताना

फोनवरून पैसे सगळीकडे चालतात, हातगाडीवरही. तरी थोडी चिल्लर जवळ असावी. 'सुट्टे द्या' म्हटले की नेमके पैसे हवेत. 'बंदा आहे' म्हणजे न मोडलेली मोठी नोट आहे. दहाचे नाणे घ्यायला कोणी कुरकुरले तर ते कायदेशीर चलन आहे, शांतपणे तसे सांगा, पण पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी फार ताणू नका.

मोठ्या व्यवहारात 'विसार' किंवा 'इसार' देतात, म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण म्हणून आगाऊ रक्कम. ती अनामत नाही. सौदा तुमच्याकडून मोडला तर विसार बुडू शकतो, म्हणून पावतीवर 'विसार' लिहिले आहे की 'अनामत' हे वाचूनच सही करा. उधार आणि उसने यांतही फरक आहे. दुकानातून माल नेला आणि पैसे नंतर, ती उधारी. शेजाऱ्याकडून रोख घेतली, ते उसने. उधारी वहीत लिहिली जाते, उसने लक्षात ठेवायचे असतात, आणि भांडणे उसन्यांचीच होतात.

सोलापुरात जयंत्या आणि उत्सव वर्षभर चालतात, त्यामुळे वर्गणी मागायला मंडळाची पोरे येणारच. आकडा ते सांगतील, पण वर्गणी हा दर नाही. जमेल तेवढी द्या, पावती मागा, आणि पहिल्या वर्षी दिली तेवढीच पुढच्या वर्षी अपेक्षित असेल हे ध्यानात ठेवून द्या. लग्नाच्या आहेरात गोल आकडा देत नाहीत: १०१, ५०१, १,००१. वरचा एक रुपया विसरलात तर कोणी बोलणार नाही, पण आहेराची वही लिहिणारा बघणार.

पायरी ७ : व्याज बोलले जाते ते महिन्याचे

बँकेत आठ टक्के म्हणजे वर्षाला आठ. गल्लीत 'दोन रुपये शेकडा' किंवा नुसते 'दोन टक्क्यानं' म्हणजे शंभराला महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. 'पाच टक्के' असेल तर वर्षाला साठ. ऐकायला बँकेपेक्षा स्वस्त वाटते, आणि कॉलेजातली मुले इथेच अडकतात. पहिला प्रश्न नेहमी हाच ठेवा: महिन्याला की वर्षाला?

दुसरा प्रश्न, मुद्दल किती लिहिणार आणि हातात किती देणार. पहिले व्याज आधीच कापून घेण्याची रीत आहे. समजा दहा हजार लिहिले आणि पाच टक्के आधीच कापून साडेनऊ हजार दिले, तर व्याज मात्र दहा हजारांवरच चालू राहते. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, असा 'दामदुप्पट'चा जुना नियम हिंदू कायद्यात होता. तो कर्ज घेणाऱ्याच्या बाजूचा होता. आज तोच शब्द 'अमुक महिन्यांत दामदुप्पट' असा गुंतवणुकीच्या जाहिरातीत उलटा वापरला जातो, तिथून लांब राहा. खासगीत व्याजाचा धंदा करणाऱ्याकडे २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो पाहायला मागा, दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, आणि कोरा धनादेश किंवा कोरा स्टॅम्प मागणाऱ्याकडून पैसे घेऊ नका.